तुलना कशाशी? नगर जिल्ह्यातल्या पाणलोटाचे आकडे वाचताना

गेल्या महिन्यात पेट पास झालेल्या दोघांनी मला जवळजवळ एकाच शब्दांत विचारलं, "ताई, हवामान बदलाच्या अर्थशास्त्रावर पीएच.डी. करायची आहे, पण सगळे पेपर अमेरिकेचे. आपल्याकडचं काही वाचायला आहे का?"

आहे की! आणि लांब जायची गरज नाही. दुष्काळ, पाणलोट, हवामानाशी जुळवून घेणं या विषयांवर लिहिणारा माणूस एकदा तरी नगर जिल्ह्यात येतोच. (आता कागदोपत्री अहिल्यानगर; माझ्या तोंडात अजून नगरच आहे, सांभाळून घ्या.) राळेगणसिद्धी इथलं, हिवरे बाजार इथलं, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची बरीचशी गावं इथली. म्हणजे साहित्याचा तुटवडा नाही. अडचण वेगळी आहे. हे साहित्य वाचताना माणूस लगेच भारावून जातो. मीही गेले होते, आणि त्यापायी माझा पहिला सिनॉप्सिस परत आला. तो किस्सा पुढे सांगते. आधी ज्या अहवालावरून हे सगळं सुरू झालं तो बघू.

२०१३ साली वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटनं एक वर्किंग पेपर काढला. लेखक एरिन ग्रे आणि अर्जुन श्रीनिधी. नगर जिल्ह्यातल्या कुंभारवाडी नावाच्या छोट्या पाणलोटात वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टनं जी कामं केली, त्यांचा १९९८ ते २०१२ या पंधरा वर्षांचा आर्थिक हिशोब त्यात मांडला आहे. निष्कर्ष असा: निव्वळ वर्तमान मूल्य ५०.७ लाख ते ७४.३ लाख डॉलर, आणि लाभ-खर्च गुणोत्तर २.२८ ते ३.७६. हेक्टरी पाहिलं तर ५,५७३ ते ८,१७२ डॉलर, कुटुंबामागे २९,६५० ते ४३,४७९ डॉलर.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हे आकडे वहीत लाल पेनानं लिहून ठेवले होते. कोरडवाहू भागात, एका वाडीत, एवढा फायदा! तेव्हाचा डॉलर पन्नास रुपयांच्या आसपास धरला तरी घरटी कमीत कमी पंधरा लाखांच्या जवळ जातं.

आता एक सवय लावून घ्या. कुठलाही असा अहवाल हातात आला की त्यातलेच आकडे एकमेकांनी भागून बघायचे. ५०.७ लाखांना ५,५७३ नं भागा: साधारण ९१० हेक्टर. ७४.३ लाखांना ८,१७२ नं भागा: पुन्हा तेच, ९०९. कुटुंबं दोन्हीकडून १७१. म्हणजे आकडे आपसात जुळतात, बेरीज-वजाबाकीची चूक नाही. छान.

पण अजून एक गणित करा. निव्वळ मूल्य म्हणजे लाभ वजा खर्च, आणि गुणोत्तर म्हणजे लाभ भागिले खर्च. दोन समीकरणं, दोन अज्ञात संख्या, नववीतलं बीजगणित. कमी टोकाला खर्च येतो सुमारे ३९.६ लाख डॉलर, वरच्या टोकाला २६.९ लाख (दोन्ही टोकं जोडीनं धरली तर). हेक्टरी सांगायचं तर साधारण तीन हजार ते साडेचार हजार डॉलर, म्हणजे लाखाच्या वर रुपये. आता हे लक्षात घ्या की १९९५ च्या केंद्र सरकारच्या पाणलोट मार्गदर्शक सूचनांत हेक्टरी खर्चाचा निकष होता ४,००० रुपये. संस्थांच्या कार्यक्रमात तो जास्त असतो, दुप्पट-तिप्पट धरू. तरी लाखावर जात नाही. मग हा खर्च आला कुठून? समतल चर आणि माती नालाबांध यांच्यातून नक्कीच नाही. शेतकऱ्याचं बियाणं, खत, मजुरी, जनावरांचा सांभाळ असा पंधरा वर्षांचा खासगी खर्च त्यात धरल्याशिवाय हा आकडा जमत नाही.

यात काही गैर नाही. उत्पन्न मोजलं तर उत्पादनखर्चही मोजायलाच हवा, उलट तो न मोजणं ही लबाडी झाली असती. पण मग "एक रुपया गुंतवला की सव्वादोन ते पावणेचार रुपये परत" हे जे वाक्य पुढे भाषणांत आणि सादरीकरणांत फिरतं, त्याचा अर्थ बदलतो. तो रुपया देणगीदाराचा किंवा सरकारचा एकट्याचा नाही. त्यातला मोठा भाग शेतकऱ्यानं स्वतःच्या खिशातून, नाहीतर सोसायटीचं कर्ज काढून घातलेला आहे. ज्याच्याकडे घालायला रुपयाच नव्हता त्याचं काय झालं, हे गुणोत्तर सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, एका वाडीच्या अहवालावर एवढा खल कशाला? कारण असे आकडे एकटे राहत नाहीत, त्यांचे गठ्ठे बांधले जातात. २०१९ मध्ये ग्लोबल कमिशन ऑन अडॅप्टेशनच्या अहवालानं सांगितलं की हवामानाशी जुळवून घेण्यासाठी दशकभरात १.८ लाख कोटी डॉलर गुंतवले तर ७.१ लाख कोटी डॉलरचा लाभ होईल, आणि गुणोत्तर दोनपासून दहापर्यंत असेल. निधी कुणाला, किती, कोणत्या कामाला, हे अशा गुणोत्तरांवर ठरायला लागलंय. तुम्ही उद्या जो पेपर लिहाल त्यातला आकडा असाच कुणीतरी उचलेल आणि तळटीप मागे टाकून पुढे जाईल.

डिस्काउंट रेटबद्दल दोनच वाक्यं, कारण त्यावर पुस्तकांत भरपूर आहे. पंधरा वर्षांनी मिळणारे १०० रुपये ८ टक्के दरानं आज साडेएकतीस रुपयांचे होतात, ३ टक्के दरानं चौसष्टचे. २००६ च्या स्टर्न अहवालावर विल्यम नॉर्डहाउस आणि इतरांनी जो गदारोळ केला तो मुख्यतः याच दरावरून. तुमच्या व्हायवात हा प्रश्न येणार म्हणजे येणार, पण माझ्या मते आपल्याकडच्या अभ्यासांचं खरं दुखणं तिथं नाही.

दुखणं आहे तुलनेत. १९९८ ला गाव असं होतं, २०१२ ला तसं झालं, मधला फरक म्हणजे प्रकल्पाचा लाभ, असं आपण पटकन धरतो. पण त्या चौदा-पंधरा वर्षांत नगर जिल्ह्यात काय काय झालं आठवा. दुधाचे टँकर गावोगाव फिरायला लागले. पुणे वाढलं, भाजीला गिऱ्हाईक आलं. रस्ते झाले, मोबाईल आला, ठिबक आलं, कांद्यानं काही वर्षं माणसं तारली आणि काही वर्षं बुडवली. प्रकल्प नसता तरी गाव १९९८ मध्ये गोठून राहिलं नसतं. प्रकल्प नसता तर गाव २०१२ मध्ये कुठे असतं, हे न घडलेलं चित्र म्हणजेच काउंटरफॅक्चुअल. ते कुणालाच दिसत नाही. म्हणून ते दुसऱ्या कुठल्यातरी गावाकडून उसनं घ्यावं लागतं. सगळी अक्कल त्या उसनवारीत आहे.

आणि गंमत म्हणजे हे आपल्या जिल्ह्यात कुणीतरी फार आधी करून ठेवलंय. धनंजयराव गाडगीळांनी गोखले इन्स्टिट्यूटतर्फे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांची पाहणी केली, तिचा अहवाल १९४८ मध्ये छापला गेला. प्रत्यक्ष लाभ आणि अप्रत्यक्ष लाभ असे दोन्ही त्यात मोजले आहेत. कालव्याच्या पाण्याखालचा भाग घेतला, आणि त्याच्या शेजारचा कोरडवाहू भाग घेतला, आणि दोन्ही समोरासमोर ठेवले. कॉम्प्युटर नाही, रिग्रेशनचं सॉफ्टवेअर नाही. पण "आधी आणि नंतर" यावर भागवलं नाही. "इथे आणि पलीकडे" असा प्रश्न विचारला. मी तो अहवाल ग्रंथालयात वाचला तेव्हा थोडी लाजच वाटली, कारण पंचाहत्तर वर्षांनंतर मी त्याच्यापेक्षा मागास सिनॉप्सिस लिहून बसले होते. (हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. हिशोब मांडून गप्प न बसलेला अर्थतज्ज्ञ!)

अर्थात "इथे आणि पलीकडे" यातही खड्डा आहेच. हवामान अर्थशास्त्रात १९९४ पासून एक पद्धत प्रसिद्ध आहे, मेंडेल्सन, नॉर्डहाउस आणि शॉ यांची. तिला रिकार्डियन पद्धत म्हणतात. वेगवेगळ्या हवामानातल्या जमिनींच्या किमती बघायच्या आणि त्यावरून उष्णता किंवा पाऊस बदलला तर शेतीचं किती नुकसान होईल ते काढायचं. कल्पना देखणी आहे. आता ती नगर जिल्ह्याला लावा. लोणीची जमीन महाग, जामखेडची स्वस्त. कारण हवामान? लोणीलाही पाऊस काही धो-धो पडत नाही. तिथं १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाचं पाणी येतं, आणि पाण्याभोवती कारखाना, कॉलेज, दवाखाना, बाजार असं सगळं उभं राहिलं. ते पाणी पडतं अकोल्याच्या डोंगरात, पिकतं खाली प्रवरेच्या काठी. हा फरक लक्षात न घेता रिग्रेशन चालवलं तर सॉफ्टवेअर बिचारं सांगेल की लोणीचं हवामान उत्तम आहे. श्लेंकर, हॅनमन आणि फिशर यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिंचित जिल्ह्यांबद्दल नेमका हाच आक्षेप घेतला. त्यांचा पेपर वाचताना डोळ्यांसमोर प्रवरेचा डावा-उजवा कालवा ठेवा, पटकन समजेल. एवढ्यासाठी "नगर जिल्ह्याची सरासरी" हा शब्दप्रयोग दिसला की मी पान उलटते. महाराष्ट्रातला क्षेत्रफळानं सगळ्यात मोठा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटर, एका टोकाला घाटघरचा मुसळधार पाऊस आणि दुसऱ्या टोकाला पाथर्डी-कर्जतची उघडी माळरानं. त्याची सरासरी काढून कुणाचं काय कळणार?

आता माझा किस्सा.

माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रातलं. अर्थशास्त्राकडे मी डेटाच्या ओढीनं आले. सिनॉप्सिससाठी मी बारा गावं निवडली. कशी? ज्या गावांवर आधी काही लिहिलं गेलंय, ज्यांच्या ग्रामपंचायतीत रेकॉर्ड नीट मिळतं, जिथं कुणी ओळखीचं आहे. बाराच्या बारा गावं पाणलोट झालेली, त्यातली बहुतेक नावाजलेली. गाईडनी यादी बघितली, चष्मा काढला आणि एवढंच म्हणाल्या, "तुलना कशाशी?" मी म्हटलं, राज्याच्या सरासरीशी. त्यांनी यादी माझ्याकडे परत सरकवली. त्या दिवशी मला राग आला होता. राग उतरायला आदर्श गाव योजनेचे नियम वाचावे लागले.

त्या योजनेची पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते: श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन. शाळेत भिंतीवर रंगवलेली असते. पण ती संशोधकाच्या डोळ्यांनी वाचा. गावानं हे पाळायची तयारी दाखवली तर योजना. इंडो-जर्मन कार्यक्रमातही गावाला आधी श्रमदानातून आपली तयारी सिद्ध करायला लागायची. म्हणजे ज्या गावात भावकी-भावकीत कोर्टकचेऱ्या चालू आहेत, जिथं दोन गट एका पारावर बसत नाहीत, ती गावं चाळणीतच गळाली. आत आली ती एकी असलेली, शब्दाला जागणारी गावं. मग पंधरा वर्षांनी आपण मोजतो आणि म्हणतो, बघा, पाणलोटानं गाव सुधारलं! काही सुधारलं पाण्यानं, काही सुधारलं त्या एकीनं जी आधीपासूनच होती. दोन्ही वेगळं कसं करणार? याला सिलेक्शन बायस म्हणतात. पुस्तकातली व्याख्या विसरलात तरी चालेल, पंचसूत्री विसरू नका.

हिवरे बाजारचंच घ्या. पोपटराव पवार आणि ग्रामस्थांनी जे केलं त्याबद्दल मला नितांत आदर आहे. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पाऊस कमी असेल तर रब्बीचं क्षेत्र कमी करायचं, उसाला नाही म्हणायचं, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. मागणीवर लगाम घालणारं असं उदाहरण देशात शोधावं लागतं. पण तिथल्या उत्पन्नाचा जो आकडा बातम्यांतून फिरतो, १९९५ ला ८३० रुपये आणि २०१२ ला ३०,००० रुपये, तो विद्यार्थ्यानं जसाच्या तसा सिनॉप्सिसमध्ये टाकू नये. छत्तीस पट! पण यात महागाई वजा केलेली नाही. १९९५ चा रुपया आणि २०१२ चा रुपया एकाच तागडीत घातलाय. शिवाय शेजारच्या गावांत याच काळात काय झालं ते शेजारी लिहिलेलं नसतं. ते लिहून, महागाई काढून, जो फरक उरेल तो कमी भरेल, पण तो हिवरे बाजारचा खरा फरक असेल. गावाच्या कर्तृत्वाला तो जास्त न्याय देईल असं मला वाटतं.

हे सगळं नीट तोलणारा अभ्यास कुणी केला नाही का? केला. जॉन कर यांनी गणेश पांगारे आणि वसुधा लोकूर पांगारे यांच्याबरोबर केलेला, इंटरनॅशनल फूड पॉलिसी रिसर्च इन्स्टिट्यूटनं २००२ मध्ये छापलेला संशोधन अहवाल, क्रमांक १२७. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेशातली ८६ गावं. सरकारी योजनांची गावं, स्वयंसेवी संस्थांची गावं, दोघांनी मिळून केलेली गावं, आणि ज्यांच्यात काहीच झालं नाही अशी गावंही. ही शेवटची गावं पकडणं महत्त्वाचं, कारण तिथं दाखवायला काही नसतं. सरपंचाला वाटतं, हे लोक आपल्याकडे का आलेत? निधी देणाऱ्यांना वाटतं, इथं पैसा का घालवायचा? तरी ती लागतातच.

मला विचाराल तर पाणलोटावर एकच गोष्ट वाचायची असेल तर ही वाचा. आकडे जुने झालेत, पण लेखकांची सचोटी जुनी झालेली नाही. गावं योजनांमध्ये चिठ्ठ्या टाकून आलेली नाहीत, सुरुवातीची बेसलाइन धड कुणी ठेवलेली नाही, हे ते लपवत नाहीत. आणि लोकसहभाग असलेले प्रकल्प निव्वळ तांत्रिक प्रकल्पांपेक्षा सरस ठरले हे सांगून ते थांबत नाहीत. त्याच्या पुढचं, अडचणीचं वाक्यही लिहितात: लाभ जमीनवाल्यांकडे झुकला, आणि गायरानं-डोंगर चराईला बंद झाल्यामुळे भूमिहीन, शेळ्या-मेंढ्यावाले आणि बायका यांना त्याची किंमत मोजावी लागली. यशस्वी प्रकल्पांतही हे झालं. म्हणजे जे गाव आपण आदर्श म्हणून मोजतो त्याच गावात कुणीतरी वजाबाकीत गेलेलं असतं.

हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली.

आजोळी पाणलोटाची कामं सुरू झाली तेव्हा मी रांगत असेन. गाव कोणतं आणि काम कुणाचं ते सांगत नाही, त्याची गरजही नाही. आजीची जमीन दीड एकर, तीही मुरमाड. घर चालायचं चौदा शेळ्यांवर. चराईबंदी झाली. ग्रामसभेत झाली, बहुमतानं झाली, सगळं नियमाप्रमाणे. आजीनं शेळ्या विकायला काढल्या. पण त्याच महिन्यात गावातल्या प्रत्येक शेळीवालीनं त्याच काढल्या होत्या, त्यामुळे आठवडी बाजारात भाव पडला. व्यापाऱ्याला माहीतच होतं की या बाया शेळ्या घेऊन घरी परत जाऊ शकत नाहीत. पुढे चार-पाच वर्षांत विहिरींना पाणी आलं हे खरं. मामांच्या चुलत्यांनी संकरित गाई घेतल्या, डाळिंब लावलं. आजी त्यांच्याकडे रोजानं खुरपायला जायची. पूर्वीपेक्षा जास्त दिवस काम मिळायचं, तेही खरं. तिनं कधी तक्रार केली नाही, उलट "हिरवं दिसतंय बघ" म्हणून मला डोंगर दाखवायची.

आता हिशोब कसा होईल बघा. शेळ्या कमी झाल्या, संकरित गाई वाढल्या; पशुधनाचं उत्पन्न एकूण वाढलं. मजुरीचे दिवस वाढले. गुणोत्तर एकच्या वर. सगळं बरोबर आहे, एकही आकडा खोटा नाही. फक्त ज्या घरातून शेळ्या गेल्या आणि ज्या घरात गाई आल्या ती दोन वेगळी घरं आहेत. "कुटुंबामागे २९,६५० डॉलर" यातलं कुटुंब म्हणजे भागाकारानं तयार झालेलं कुटुंब. ते गावात कुठं राहत नाही.

तर टीका करताना हात सैल सोडायचा का? नाही, टीकेलाही तोच नियम लागतो. जलयुक्त शिवार अभियानाचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेली योजना, त्यावर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च झाले, आणि २०२० मध्ये कॅगच्या अहवालानं सांगितलं की गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करणं आणि भूजलपातळी वाढवणं यावर योजनेचा फारसा परिणाम दिसत नाही. तपासणीत नगर जिल्हाही होता. वर्तमानपत्रांनी धमाल उडवली. विरोधकांनी आकडे फेकले, सरकारवाल्यांनी फोटो दाखवले. कामांची देखभाल नाही, आराखड्याएवढा साठा झाला नाही, उसासारखी पिकं वाढली, ही कॅगची निरीक्षणं मला पटतात. पण "२०१७ पेक्षा २०१९ मध्ये टँकर वाढले, म्हणून योजना फसली" या युक्तिवादाला मी माझ्या गाईडचाच प्रश्न विचारीन. २०१८ चा पावसाळा आठवतोय ना? त्या ऑक्टोबरात राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. दोन वेगळ्या पावसांची तुलना करून योजना नापास करणं आणि दोन वेगळ्या पावसांची तुलना करून ती पास करणं, दोन्ही एकाच जातीच्या चुका. ज्या शिवारात काम झालं आणि ज्यात झालं नाही, दोन्हींवर तेच २०१८ चं आभाळ होतं. तिथं बघायला हवं.

शेततळ्यांवर ईश्वर काळे यांनी २०१७ मध्ये इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत लिहिलं, ते माझ्या आवडत्या लिखाणांपैकी आहे, कारण त्यात मॉडेल नाही, नुसतं नीट बघणं आहे. शेततळं कशासाठी? वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायला. प्रत्यक्षात काय होतं? प्लास्टिक अंथरायचं, विहिरीतून किंवा बोअरमधून पाणी उपसून तळं भरायचं आणि उन्हाळ्यात डाळिंबाला, द्राक्षाला द्यायचं. जमिनीखाली झाकलेलं, सगळ्यांचं पाणी वर काढून उन्हात उघडं ठेवायचं. वाफ होऊन जाईल ते जाईल, उरेल ते एकट्याचं. अनुदानाच्या कागदावर हे "हवामानाशी जुळवून घेणं" आहे. तळंवाल्याचा लाभ-खर्च काढा, झकास येईल. शेजारच्या विहिरीचा काढा. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी साठवायला मुळातच कंजूष. एकानं ओढलं की दुसऱ्याची विहीर आधी बोलते. अभ्यासाची हद्द शेताच्या बांधावर आखली तर लाभ, गावाच्या शिवेवर आखली तर गोळाबेरीज, आणि ओढ्याच्या खालच्या गावापर्यंत नेली तर कदाचित तोटा. हद्द कुठं आखली हे पेपरच्या पहिल्या दोन पानांत शोधा. सापडलं नाही तर संशय घ्या.

आणि एक, जे मला कुठल्याच मेथडॉलॉजीच्या पुस्तकात सापडलं नाही. सर्वेक्षण कधी करता? आम्ही रिसर्चवाले दिवाळीनंतर फील्डवर जातो, थंडी असते, कॉलेजला सुट्टी असते. पाथर्डीकडच्या वाड्यांमध्ये तेव्हा निम्म्या घरांना कुलपं असतात. माणसं ऊसतोडीला गेलेली, कारखाने बंद झाले की उन्हाळ्यात परतणार. तुम्ही उघड्या दारांची यादी करता, त्यातून नमुना काढता, आणि तो यादृच्छिक आहे असं लिहिता. दुष्काळाशी सगळ्यात कठीण पद्धतीनं जुळवून घेणारी माणसं तुमच्या डेटातून कोयता घेऊन आधीच निघून गेलेली असतात. माझ्या दुसऱ्या सिनॉप्सिसमध्ये मी फक्त दोन गोष्टी बदलल्या. गावं अठरा केली, त्यातली नऊ काहीच न झालेली, पण त्याच नदीच्या खोऱ्यातली आणि पावसानं, मातीनं, रस्त्यापासूनच्या अंतरानं जुळणारी. आणि फील्डवर्क मे महिन्यात ठेवलं. गाईड म्हणाल्या, "उन्हात मरशील." पण सही केली.

सिलेक्शनचा प्रश्न सुटला असं समजू नका. एकी मोजता येत नाही. मी ग्रामसभेच्या हजेरीवरून आणि जुन्या कोर्टकेसेसवरून अंदाज बांधायचा प्रयत्न करतेय, आणि त्यात कच्चेपणा आहे हे व्हायवात कुणीतरी दाखवणारच.

प्रश्नावलीत एक प्रश्न नवा घातलाय: कामं सुरू झाली त्या वर्षी घरात शेळ्या किती होत्या, आणि विकल्या असतील तर कितीला? वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं कुणाला आठवणार, असा आक्षेप मित्रांनी घेतला. आठवणीवर विसंबलेला डेटा कच्चा असतो हे मलाही मान्य आहे. पायलटमध्ये तीन गावांत विचारून बघितलं. पुरुष बहुतेक "नाय आठवत" म्हणाले. बायकांनी भाव सांगितला, कोणत्या बाजारात विकल्या ते सांगितलं, आणि दोघींनी तर त्यातली गाभण कोणती होती तेही सांगितलं. गाभण शेळीसाठी माझ्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता, समासात लिहून घेतलं.